रविवारची मिसळ

आबांनी घास तोंडात घेतला होता आणि तो अजून गिळला नव्हता. त्यांचा जबडा मधेच थांबला होता, डोळे समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खिळले होते, आणि आम्ही दोघं, चुलीपुढे बसलेली आई आणि दाराच्या चौकटीला टेकलेला मी, त्यांच्या गळ्याकडे पाहत होतो. पातेल्यातला रस्सा तेवढा निखाऱ्यांवर हळूहळू फुटत होता. एखादा बुडबुडा वर येई, तेलाचा लाल तवंग क्षणभर ताणून धरी आणि स्वतःचाच संकोच वाटल्यासारखा विरून जाई.

शेवटी गळा हलला. आबांनी तांब्या उचलला, दोन घोट पाणी घेतलं, मिशा पुसल्या.

"न्हाई," ते म्हणाले.

आईने पदराने कपाळ टिपलं. "काय न्हाई?"

"न्हाई म्हंजे न्हाई. त्येच्यासारखं न्हाई."

"आवं, पर काय कमी हाय ते तरी सांगा. मीठ? तिखाट? तेल?"

"ते मला काय ठावं? मी काय आचारी हाय? जिभेला कळतंय, तोंडाला सांगता येत न्हाई."

आणि एवढं बोलून त्यांनी समोरची थाळी शांतपणे संपवली, पावाच्या तुकड्याने शेवटचा थेंब टिपून घेतला, वर दुसरी वाटी मागितली. ते असंच करत. नापास केलेला पदार्थ ते कधीच टाकत नसत. टाकला असता तर निदान भांडता आलं असतं.

हा सातवा रविवार होता.

आमचे आबा, हवालदार लालासाहेब, फौजेतून निवृत्त होऊन आष्ट्यात परतले त्याला पंधरा वर्षं झाली होती. या पंधरा वर्षांत उसाने कधी साथ दिली, कधी पाठ फिरवली. त्यांची रविवारची सकाळ मात्र चुकली नाही. आठ वाजता फेटा बांधून ते बाहेर पडत, एस. टी. स्टँडासमोरच्या हुसेनभाईंच्या हॉटेलात जात, आणि साडेनऊला परत येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर देवदर्शन घेऊन आलेल्या माणसाची निवांत तृप्ती असे. त्या दिवशी ते कुणावर ओरडत नसत. लहानपणी मला वाटे की मिसळ हा खाण्याचा पदार्थ नसून एखादं औषध असावं, ज्याचा गुण सोमवारी दुपारपर्यंत टिकतो.

चौऱ्याहत्तर साली होळीच्या सुमाराला हुसेनभाईंनी हॉटेल बंद केलं. त्यांच्या जावयाने सांगलीत स्टेशनजवळ मोठी जागा घेतली होती आणि लेकीने, सुरय्याने, आई-बापांना तिकडेच या म्हणून गळ घातली होती. आबांनी दोन रविवार कुलपाकडे पाहून काढले. तिसऱ्या रविवारी ते घरीच बसून राहिले आणि आईला म्हणाले, "त्यात काय एवढं? मटकीच हाय न्हवं? तू कर."

आईच्या हाताला चव होती, हे आष्ट्यातल्या चार गल्ल्यांना ठाऊक होतं. लग्नकार्यात पुरणाचा अंदाज घ्यायला लोक तिला मुद्दाम बोलावून नेत. "अंजनाकाकीला इचारा" हे वाक्य मी असंख्य मांडवांत ऐकलं होतं. एकटे आबा काही बोलत नसत. त्यांनी तिच्या रांधण्याला कधी नाव ठेवलं नव्हतं आणि कधी नावाजलंही नव्हतं. ताट समोर आलं की जेवत, जेवण झालं की उठत. एकतीस वर्षं तिने या मुक्या माणसाच्या पुढ्यात अन्न ठेवलं होतं, जसं कुणी विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाज येण्याची वाट पाहत काठावर थांबावं. मिसळ ही पहिलीच गोष्ट होती जिच्याबद्दल त्यांना काही वाटत होतं. ती जमली तर ते तसं म्हणतील, अशी आशा तिने मनाशी धरली होती. ती हे बोलली नव्हती. पण शनिवारी संध्याकाळी मटकीचे मोड फडक्यातून उलगडून पाहताना तिचा चेहरा ज्याने पाहिला असेल, त्याला ते सांगावं लागलं नसतं.

तिने सगळं करून पाहिलं. पहिल्या रविवारी घरचीच कांदा-लसणीची चटणी घातली. दुसऱ्या रविवारी खोबरं निखाऱ्यावर भाजलं. मग कांदा चुलीत घालून काळा होईस्तोवर. मग दगडफूल जास्त, मग दगडफूल अजिबात नाही. एका रविवारी तिने रेशनवर मोठ्या मिनतवारीने मिळालेलं गोडं तेल हात सैल सोडून ओतलं आणि आठवडाभर आम्ही उकडलेल्या भाज्या खाल्ल्या. प्रत्येक वेळी पाट्यावर वाटण तासभर चाले. वरवंट्याचा तो घरघरता, खालच्या पट्टीतला आवाज माझ्या उशीपर्यंत येई आणि अर्धवट झोपेत मला वाटे की घरात कुणीतरी फार मोठी, फार जुनी तक्रार बारीक दळत बसलं आहे. आणि प्रत्येक वेळी निकाल एकच. फार तर "जवळ आलं हुतं" किंवा "आज लांबच गेलं."

त्या सातव्या रविवारी, आबा शेताकडे गेल्यावर, मी पहिल्यांदा तिला विचारलं, "आई, तू हुसेनभाईंची मिसळ कधी खाल्ली होतीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला पोहायला येतं का ते विचारलं होतं.

"मी? हाटेलात? मी कवा जाणार हाटेलात?"

"आबांनी कधी डब्यातून आणली नाही?"

"त्येनी कशाला आणत्यात?"

आमच्याकडच्या बायका हॉटेलात बसत नसत, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि दिसणं यांत केवढं अंतर असतं. सात आठवडे ही बाई जिची नक्कल करत होती ती चव तिच्या जिभेला कधी शिवलेलीच नव्हती. तिच्या हाताशी एकच खूण होती, माझ्या बापाचा नकार. त्या नकाराला हात लावून लावून ती अंधारात भिंत चाचपावी तशी दार शोधत होती. आणि हे आमच्या कुणाच्या, तिच्याही, लक्षात आलं नव्हतं.

"असा बघतोस काय?" ती म्हणाली. "चार वरसं सांगलीला खानावळीत जेवलास, बी. ए. झालास. एक मिसळ शिकून आला न्हाईस. त्यापरीस जा आन् हुसेनभाईला इचारून ये."

मी गेलो. बी. ए. होऊन एक वर्ष लोटलं होतं, नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नव्हती, आणि घरात माझा जो काही उपयोग होता तो अशाच कामांपुरता उरला होता. शनिवारी सकाळच्या एस. टी.ने तुंग, डिग्रज मागे टाकत मी सांगलीला निघालो. पुलावरून कृष्णा दिसली. उन्हाळ्याने तिला इतकी बारीक केली होती की पाण्यापेक्षा वाळूच जास्त वाहत असल्यासारखी वाटत होती.

हुसेनभाईंचं नवं हॉटेल जुन्यापेक्षा तिप्पट मोठं होतं, पण ते स्वतः होते तसेच होते, उघडे दंड, खांद्यावर पंचा, दाढीला मेंदी. मला पाहून त्यांनी झारा खाली ठेवला.

"हवालदारांचा नाथाजी! या, या. साहेब बरं हाईत?"

"बरे आहेत. पण आमचं घर बरं नाही," मी म्हणालो, आणि सात रविवारांची कथा सांगितली. ते ऐकताना आधी हसत होते. मग हसायचे थांबले.

"वहिनींनी आमचं कवा खाल्लंच न्हाई?"

"नाही."

"खरं हाय म्हणा. आमच्या अख्तरबीनंबी इतक्या वरसांत हाटेलात बसून कवा खाल्लं न्हाई. घरी मागून खाती आन् चुका काढती." त्यांनी डोकं हलवलं. "वहिनींना म्हणावं, तुमचं काय बी चुकत न्हाई. मसाला त्योच हाय. चटणी तीच. चुकतंय ते हे."

त्यांनी मला आत नेलं. भट्टीच्या कडेला एक तांब्याची हंडी होती, बाहेरून काजळीने काळीभोर, आतून कल्हईची. तिच्यात गडद लाल, जवळजवळ तपकिरी कट संथ उकळत होता.

"ही हंडी कवा रिकामी झाली न्हाई. माझ्या बापानं चढवल्याली. राती उरला कट की उकळून झाकून ठिवायचा, सकाळी त्यात नवा घालायचा. इरजान असतंय तसं. कल्हईवाला येतो त्या दिवशी दुसऱ्या भांड्यात काढतो, पर टाकत न्हाई. आष्ट्यातनं आलो तवा टेंपोत ही हंडी मांडीवर घेऊन बसलो. अख्तरबी म्हणाली, संसार मागनं आला तरी चालंल, आधी तुमची सवत उतरवा."

मला हसू आलं नाही. मला आईचा स्वयंपाक दिसत होता. आमच्या घरात शिळं खात नसत. रात्री उरलेली भाजी, भाकरी, आमटी, काय असेल ते गोठ्यात किंवा कुत्र्याला. दुष्काळाच्या वर्षीसुद्धा तिने अंदाज कमी केला पण हा नेम मोडला नव्हता. जी गोष्ट तिने उभ्या आयुष्यात एकदाही ताटात वाढली नाही, नेमकी तीच त्या चवीचं मूळ होती.

"आई हे करणार नाही," मी म्हणालो.

"मग न्हाई सांगायचं," हुसेनभाई सहज म्हणाले. त्यांनी लोणच्याची एक बरणी धुतली, त्यात डावभर, दोन डाव, तीन डाव कट ओतला, तोंडाला फडकं बांधलं. "रोज एक उकळी द्या. रविवारी निम्मा घाला, निम्मा ठिवा. साहेबांचं तोंड बघा मग."

मी नको म्हणायला हवं होतं. पण आठव्या रविवारची ती शांतता मला आधीच ऐकू येत होती, आणि माझा धीर संपला होता.

परतीच्या प्रवासात बरणी दोन्ही पायांच्या मधे धरून मी बसलो. डिग्रजच्या अलीकडे गाडीने खड्डा घेतला आणि माझ्या पांढऱ्या पायजम्यावर एक लाल ओघळ उतरला. शेजारच्या म्हाताऱ्याने वास घेतला.

"लोणचं का वं?"

"हो," मी म्हणालो. ते माझं पहिलं खोटं, आणि तेही कारण नसताना.

घरी आई मळ्यात गेली होती. तिच्या मागे मी स्टोव्ह पेटवून कटाला उकळी दिली आणि बरणी माझ्या पुस्तकांच्या ट्रंकेमागे लपवली. ती आल्यावर सांगितलं की हुसेनभाई म्हणतात तुझं काही चुकत नाही, फक्त खोबरं थोडं जास्त भाज. रविवारी सकाळी ती तुळशीला पाणी घालायला अंगणात गेली तेवढ्यात मी अर्धी बरणी तिच्या पातेल्यात रिकामी केली. ढवळलं. तवंगाचा रंग माझ्या डोळ्यांदेखत खोल होत गेला.

आबांनी पहिला घास घेतला. जबडा थांबला नाही.

दुसरा घास. तिसरा. मग त्यांनी मान वर केली, आईकडे पाहिलं, आणि म्हणाले,

"जमलं."

आईने हातातली पळी पातेल्यात ठेवली.

"हेच. हेच ते! आयला, हुसेन्याच्या हाताखाली चार वरसं काढल्यागत केलंस की गं. आण, अजून आण. नाथा, तू खाऊन बघितलंस का? बघ लेका, बघ तुझ्या आईनं काय केलंय!"

त्यांनी तीन थाळ्या खाल्ल्या. आई वाढत राहिली. मग ती उठून फळीपाशी गेली आणि तिथले पितळेचे डबे पुसू लागली. एक डबा तिने तीनदा पुसला. मी तिची पाठ पाहत होतो. खांदे नेहमीपेक्षा किंचित वर होते, जणू डोक्यावरून कुणीतरी हंडा उतरवून घेतला होता आणि अंगाला ते अजून खरं वाटत नव्हतं.

त्यानंतरचे चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. आई गुणगुणत होती. शेजारच्या शालूबाईला तिने भिंतीवरून दोनदा सांगितलं, "खोबरं गं. खोबऱ्यातच समदं हुतं. बदामी न्हवं, त्येच्या जरा पुढं न्यायचं." शालूबाई म्हणाली, "हवालदार सोता म्हणालं?" आई म्हणाली, "मग काय तर! तीन थाळ्या खाल्ल्या." आबांनी सोमवारीच औंधच्या केरबाला कार्ड टाकलं. केरबा, त्यांचा पलटणीतला जोडीदार, सुट्टीवर येता-जाता आष्ट्याला उतरून हुसेनभाईंकडे त्यांच्याबरोबर बसत असे. कार्डात आबांनी लिहिलं, रविवारी ये, हुसेनची मिसळ आता आमच्या घरी शिजते. ते त्यांनी पोस्टात टाकण्याआधी मोठ्याने वाचून दाखवलं. आई आत चुलीशी ऐकत होती.

आणि मी ट्रंकेमागची बरणी रोज चोरून उकळत होतो. केरोसीन कमी का होतं, असं आई विचारी तेव्हा चहा केला म्हणून सांगत होतो. मी हिशेब मांडून पाहिला. हा रविवार निभावेल. पुढचा? त्यापुढचा? दर शनिवारी मी सांगलीला जाणार होतो का, बापाला चव आणि आईला खोटं पुरवत, नोकरी लागेपर्यंत? की मग नोकरी सांगलीतच पाहायची? मला आबांचा राग येत होता, ज्यांच्या जिभेला जुनं तेल कळत होतं आणि माणूस कळत नव्हतं. स्वतःचा त्याहून जास्त.

गुरुवारी दुपारी आबा कारखान्याच्या कामाला गेले असताना मी बरणी आईपुढे आणून ठेवली आणि सगळं सांगितलं.

सांगून झाल्यावर तिने बरणीचं फडकं सोडलं, आत पाहिलं.

"किती दिसांचं हाय?"

"हुसेनभाईंच्या वडलांपासूनचं. म्हणजे रोज नवं घालतात, पण हंडी..."

"म्हंजे त्येला वयच न्हाई."

"आई, दह्याला आपण विरजण लावतोच की. कालचंच दही असतं ते. तसंच समज."

"तू मला दही शिकवू नगंस." तिचा आवाज चढला नव्हता. "ह्या घरात आले तवा बारा वरसांची हुते. तुझ्या आजीनं मला कवा ताजं वाढलं न्हाई. सकाळची भाकरी रातच्याला, रातची सकाळी. आमटीला बुरा आला तर वरचा काढून टाकायची आन् खालची मला. तुझं आबा फौजेत हुतं. सुट्टीला यायचं तवा माझ्या ताटात ताजं पडायचं, तेवढंच. म्हातारी गेली त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या चुलीवर शिळं शिजणार न्हाई. कुणाच्या ताटात पडणार न्हाई. कुत्र्याला घालीन."

"आबांना हे ठाऊक आहे?"

"कोण सांगणार? मी?"

मग तिने एक गोष्ट केली जिची मला कल्पना नव्हती. तिने बरणीत करंगळी बुडवली आणि चाखली. जिभेवर तो कट फिरवत ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. आठ आठवड्यांनी, किंवा पंधरा वर्षांनी म्हणा, ती चव तिच्यापर्यंत पोहोचली होती.

"व्हय," ती म्हणाली. "चांगलं हाय. दाट लागतंय, मुरल्यालं. पर माझं ह्येच्यापरीस हलकं न्हाई."

"नाहीच."

"तू म्हणू नगंस. तू काय बी म्हणशील." तिने फडकं परत बांधलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "ही जाऊन उकिरड्यावर उपडी कर."

"आणि रविवारी?"

"रविवारी मी करीन की."

रविवारी केरबाकाका सकाळच्या गाडीने आले. उंच, वाळलेले, एका कानाने बहिरे. दारातूनच त्यांनी "वहिनी, पोट मोकळं ठिवून आलोय" अशी ललकारी दिली. आबांनी घोंगडी अंथरली, त्यावर धुतलेली चादर टाकली. आईने पहाटे उठून वाटण केलं होतं. मी पाहत होतो. तिने त्या दिवशी जराही घाई केली नाही आणि मटकी, खोबरं, कांदा, कशाचाही अंदाज दोनदा घेतला नाही. आठ रविवार ती दुसऱ्याची मिसळ करत होती. ही तिची स्वतःची होती. वास इतका स्वच्छ, इतका धीट होता की शालूबाईने भिंतीवरून डोकावून पाहिलं.

थाळ्या वाढल्या गेल्या. केरबाकाकांनी पाव बुडवला, घास घेतला, डोळे मिटले.

"वाऽ वहिनी! लय झकास."

आबांचा जबडा थांबला होता.

"खा की गड्या," केरबाकाका म्हणाले.

आबांनी गिळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फजिती होती, पाहुण्यासमोरची. "आज बिघडलं," ते म्हणाले. "केरबा, तू गेल्या रविवारी यायला पायजे हुतास. गेल्या रविवारी डिट्टो हुसेनची हुती. अगं, आज काय केलंस तू? खोबरं जळलं का?"

"मला तर काय बिघडल्यालं दिसत न्हाई," केरबाकाका म्हणाले. "हुसेनच्यापरीस मला हीच गोड लागली."

"तुला काय कळतंय? तुला कानाचं कळत न्हाई, जिभेचं काय कळणार?" आबा हसले, पण त्यात दम नव्हता. "अगं, मी काय इचारतोय?"

आई चुलीपासून उठली आणि मधल्या दारात येऊन उभी राहिली. पाहुणा बसलेला असताना ती कधी अशी येत नसे. तिने पदर सारखा केला.

"गेल्या रविवारची हुसेनभाईचीच हुती," ती म्हणाली. "सांगलीस्नं बरणीत आणल्याली. मी केल्याली आजची हाय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. केरबाकाकांचा हात थाळी आणि तोंड यांच्यामधे राहिला. त्यांना सगळं ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे, पण काहीतरी घडतं आहे हे कळलं होतं.

"आन् मला सांगितलं न्हाई?" आबा म्हणाले. "मला येडा केला व्हय दोघांनी? पाव्हण्याच्या म्होरं शोभा..."

"शोभा ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "मला एक सांगा. मी भांडत न्हाई. हुसेनभाईचं तुमाला आवडतंय, आवडू द्या, मी चाखून बघितलंय, चांगलंच हाय. पर एकतीस वरसं ह्या चुलीवर रांधतिया. सणाचं केलं, सुतकाचं केलं, तुमी तापानं फणफणला हुता तवा पेज केली. त्यात तुमाला आवडल्यालं कायतरी आसंल. एक नाव सांगा. भाजी म्हणा, भाकरी म्हणा, काय बी. एकच."

आबांनी तोंड उघडलं. मला ते अजून दिसतं, ते उघडलेलं तोंड. पलटणीतल्या साऱ्या हवालदारांची, सुभेदारांची नावं, कुठल्या ठाण्यावर कुठल्या महिन्यात किती थंडी होती, हे सगळं त्यांना पाठ होतं. ते विचार करत होते, अगदी प्रामाणिकपणे. कपाळावरची शीर वर आली होती. त्यांनी चुलीकडे पाहिलं, फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं, जणू तिथे कुठेतरी ते नाव लिहून ठेवलेलं असावं.

"सांग की रं," केरबाकाका हळूच म्हणाले. "सांग एखादं."

"माझी काय घाई न्हाई," आई म्हणाली.

आबांनी हात थाळीतच धुतला. थाळी अर्धी भरलेली होती. ती त्यांनी पहिल्यांदाच टाकली. मग ते गुडघ्यावर रेटा देऊन उठले, खुंटीवरचा फेटा बांधायचा सोडून नुसताच काखेत घेतला, पायांत वहाणा सरकवल्या, आणि पाहुणा, बायको, पोरगा यांच्यापैकी कुणाकडेही न बघता उन्हात उतरून बोळातून चालू लागले.